कमलाबाई सोहोनी

पालघर जिल्ह्याच्या उत्तर टोकाला डहाणू आणि तलासरी हे दोन तालुके आहेत. डहाणूची पश्चिम बाजू समुद्राला लागलेली, तर तलासरीचा डोंगराळ मुलूख गुजरातच्या सीमेला भिडलेला. किनाऱ्याजवळ चिकूच्या वाड्या आहेत. आत गेले की वारली लोकांचे पाडे आणि भाताची खाचरे लागतात. भात कापून झाले, की जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल पेरतात. बांधाबांधावर ताडाची आणि शिंदीची झाडे उभी असतात. थंडीच्या दिवसांत माणूस पहाटे ताडावर चढतो आणि आदल्या संध्याकाळी बांधलेले मडके खाली उतरवतो. त्यात रात्रभर थेंब थेंब साचलेला गोड रस म्हणजे नीरा. भात, नागली, वाल, सुकी मासळी आणि हंगामात नीरा, असे तिकडील गरीब माणसाचे अन्न पिढ्यानपिढ्या चालत आले आहे.

या साध्या अन्नात रसायनशास्त्राचे मोठे गूढ भरलेले आहे. ऊन चढले आणि नीरा तशीच राहिली, तर ती आंबते व तिची ताडी होते. कारण तिच्यातील साखरेपासून मद्यार्क तयार होतो. मद्यार्काच्या एका रेणूत कार्बनचे दोन, हायड्रोजनचे सहा आणि ऑक्सिजनचा एक अणू असतो. आता त्या ऑक्सिजनच्या जागी गंधकाचा अणू बसला आहे, अशी कल्पना करा. एवढ्या एका बदलाने पदार्थ ओळखू येईनासा होतो. त्याला असा उग्र दुर्गंध सुटतो, की त्याचा अगदी सूक्ष्म अंशही नाकाला सहन होत नाही. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास नसतो. तो गळू लागल्यास घरातील माणसांना कळावे, म्हणून त्यात मुद्दाम हाच पदार्थ किंचित मिसळतात. अशा गंधकयुक्त पदार्थांना थायोल म्हणतात. त्यांचे जुने नाव मर्कॅप्टन. झाइसे नावाच्या डेन्मार्कच्या रसायनशास्त्रज्ञाने ते १८३० नंतरच्या काही वर्षांत दिले. हे पदार्थ पाऱ्याला चटकन पकडतात, म्हणून पारा पकडणारा अशा अर्थाच्या लॅटिन शब्दांवरून त्याने ते नाव घडविले.

तथापि दुर्गंध एवढाच काही या गंधकाचा गुण नव्हे. गंधक आणि हायड्रोजन यांची थायोलमध्ये असते तीच जोडी आपल्या शरीरातील प्रथिनांतही असते. अशा दोन जोड्या जवळ आल्या, की त्यांतील हायड्रोजन निघून जातो आणि गंधकाचे दोन अणू एकमेकांचा हात धरतात. या हातमिळवणीमुळेच केस चिवट होतात, नखे टणक होतात आणि कित्येक प्रथिनांचा आकार टिकून राहतो. माती किंवा पाणी यांतील गंधक घेऊन असे घटक तयार करणे वनस्पतींना साधते. माणसाला साधत नाही. त्याला ते अन्नातूनच मिळवावे लागतात. मग गरिबाच्या अन्नात ते किती असतात? जे असतात, त्यांतील अंगी किती लागतात? भारतातील सामान्य माणसाच्या अन्नाविषयी असे प्रश्न विचारून प्रयोगशाळेत त्यांची उत्तरे शोधणाऱ्यांमध्ये एका मराठी स्त्रीचे नाव अग्रभागी आहे. ते नाव कमलाबाई सोहोनी यांचे.

कमलाबाईंचा जन्म १९११ साली इंदूर येथे झाला. माहेरचे आडनाव भागवत. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ होते, आणि बंगळूरला जमशेटजी टाटांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या विज्ञानसंस्थेत दोघांनीही शिक्षण घेतले होते. थोरली बहीण दुर्गा पुढे मराठीतील नामवंत लेखिका झाली. अशा घरात मुलीने शिकावे की न शिकावे, हा प्रश्नच नव्हता. कमला रसायन आणि पदार्थविज्ञान हे विषय घेऊन १९३३ साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्‌सी. परीक्षा पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाली. वडील आणि काका ज्या संस्थेत शिकले, त्याच संस्थेत जाऊन संशोधन करावयाचे, हे तिने मनाशी ठरविले होते. गुणपत्रिका पाहता प्रवेश मिळण्यास कोणतीही अडचण दिसत नव्हती.

परंतु प्रवेश नाकारण्यात आला. संस्थेचे संचालक त्या वेळी सर चंद्रशेखर वेंकट रामन हे होते. त्यांना तीनच वर्षांपूर्वी नोबेल पारितोषिक मिळाले होते आणि साऱ्या देशाला त्यांचा अभिमान वाटत होता. कमलेचे गुण कमी आहेत, असे त्यांचे म्हणणे नव्हते. संस्थेत स्त्रियांना घ्यावयाचे नाही, एवढेच त्यांचे म्हणणे होते. रामन यांचे शास्त्रातील थोरपण निर्विवाद आहे. या प्रसंगी मात्र त्यांचा निर्णय अन्यायाचा होता, हे लिहिणे भाग आहे. वडिलांनी आणि काकांनी रदबदली करून पाहिली. तिचा उपयोग झाला नाही. तेव्हा बावीस वर्षांची ती मुलगी स्वतः बंगळूरला गेली आणि संचालकांसमोर उभी राहिली. नकाराचे कारण सांगा, नाही तर मी येथेच सत्याग्रह करीन, असे तिने त्यांना बजावले. ते दिवस गांधीजींच्या चळवळीचे होते. सत्याग्रह या शब्दाला तेव्हा मोठे वजन होते.

अखेर रामन यांनी तिला प्रवेश दिला, पण अटी घालून. पहिले वर्ष तिला नियमित विद्यार्थिनी मानले जाणार नव्हते. मार्गदर्शक सांगतील तर रात्रीसुद्धा काम करावे लागणार होते. तिच्या येण्याने तेथील पुरुष संशोधकांचे लक्ष विचलित होता कामा नये, अशीही एक अट होती. कोणत्याही पुरुष विद्यार्थ्यापुढे अशा अटी ठेवल्या गेल्या नव्हत्या. अपमान गिळून कमलेने त्या मान्य केल्या, कारण परत फिरली असती तर दार बंदच राहिले असते. श्रीनिवासय्या नावाचे कडक शिस्तीचे शिक्षक तिला मार्गदर्शक म्हणून लाभले. त्यांच्या हाताखाली तिने दूध, डाळी आणि कडधान्ये यांतील प्रथिनांचा अभ्यास सुरू केला. वर्ष संपले, तेव्हा रामन यांचे समाधान झाले. तिला नियमित प्रवेश मिळालाच, शिवाय पुढे इतर मुलींसाठीही संस्थेचे दार उघडले. १९३६ साली तिने एम.एस्‌सी. ही पदवी विशेष प्रावीण्यासह मिळविली. एका मुलीच्या निश्चयामुळे संस्थेचा रिवाज बदलला; तरीही या अटींची बोच कमलाबाईंच्या मनातून आयुष्यभर गेली नाही.

पुढील शिक्षणासाठी शिष्यवृत्ती मिळवून १९३७ साली त्या इंग्लंडमध्ये केंब्रिजला गेल्या. तेथे सर फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स यांची जीवरसायनाची प्रयोगशाळा जगप्रसिद्ध होती. जीवनसत्त्वांच्या शोधाबद्दल १९२९ च्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी ते होते. त्या प्रयोगशाळेत सर्व जागा भरलेल्या होत्या. तेव्हा तेथे काम करणारे डॉ. डेरेक रिश्टर पुढे आले. दिवसा आपल्या मेजावर या विद्यार्थिनीने काम करावे, आपण रात्री येऊन काम करू, अशी व्यवस्था त्यांनी स्वतःहून केली. बंगळूरला स्त्री म्हणून कमलाबाईंना रात्रीच्या कामाची अट पत्करावी लागली होती. येथे एका परक्या माणसाने त्यांच्यासाठी रात्र स्वतःकडे घेतली.

गंधकाची कथा हॉपकिन्स यांच्या प्रयोगशाळेत फार महत्त्वाची होती. १९२१ साली हॉपकिन्स यांनी प्राण्यांच्या पेशींतून आणि यीस्टमधून एक पदार्थ वेगळा काढून त्याला ग्लुटाथायोन हे नाव दिले. नावातील थायो हा भाग गंधकाचा. ग्लुटाथायोन हाही एक थायोलच आहे. परंतु त्याला दुर्गंधी नसते, आणि आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत तो राखणदाराचे काम करीत असतो. पेशीला अपाय करणारे पदार्थ निर्माण झाले, की तो आपल्या गंधकाजवळचा हायड्रोजन देऊन त्यांना निरुपद्रवी करतो. प्रथम हा पदार्थ दोन अमिनो आम्लांचा बनलेला आहे, असे हॉपकिन्स यांना वाटले होते. तो तीन आम्लांचा आहे, असे १९२९ साली दिसून येताच त्यांनी आपले आधीचे मत जाहीरपणे दुरुस्त केले. अशा गुरूच्या छायेत कमलाबाईंना शिकावयास मिळाले.

काही काळाने डॉ. रिश्टर दुसरीकडे गेले आणि कमलाबाई डॉ. रॉबिन हिल यांच्या हाताखाली काम करू लागल्या. हिल यांचा विषय वनस्पतींचा होता. कमलाबाईंनी प्रयोगासाठी बटाटा घेतला. जिवंत पेशीत अन्नाचे सावकाश ज्वलन चालू असते आणि त्यातून तिला शक्ती मिळते. चुलीतील लाकडासारखे अन्न तेथे भडकून जळत नाही. विस्तव विझविण्यासाठी माणसे रांगेने उभी राहून पाण्याची बादली हातोहात पुढे देतात, तसे अन्नातून निघालेले विद्युत्कण काही ठरावीक प्रथिने एकमेकांकडे देत देत ऑक्सिजनपर्यंत पोचवितात. या रांगेतील एकाचे नाव सायटोक्रोम सी. प्राण्यांच्या पेशीत ते असते, हे ठाऊक होते. बटाट्यावर काम करताना कमलाबाईंना वनस्पतीच्या पेशीतही त्याचा ठाव लागला, आणि वनस्पतीच्या प्रत्येक पेशीत ते असते, या निष्कर्षाला त्या पोचल्या. माणूस आणि बटाट्याचे रोप यांच्यात वरून काहीच साम्य दिसत नाही. आत, पेशीच्या पातळीवर, दोघांचा श्वास मात्र एकाच रीतीने चालतो.

येथेही गंधक आहेच. सायटोक्रोम सी मध्ये लोह धारण करणारा एक तांबडा घटक असतो. तो प्रथिनाला कशाने बांधलेला आहे, हे स्वीडनचे शास्त्रज्ञ ह्यूगो थिओरेल यांनी त्याच सुमारास शोधून काढले. प्रथिनातील सिस्टेईन या अमिनो आम्लाच्या अंगी थायोलची जोडी असते. तिच्यातील हायड्रोजन जाऊन गंधकाचा अणू दुसऱ्या बाजूने त्या तांबड्या घटकाला जोडला जातो. अशा दोन गंधकदुव्यांनी तो घटक आपल्या जागी घट्ट बसतो. गंधकाच्या दोन्ही बाजूंना कार्बन असलेल्या अशा जोडणीला थायोईथर म्हणतात.

कमलाबाईंचा प्रबंध टंकलिखित चाळीस पानांचा होता. त्या काळी याहून कितीतरी जाडजूड प्रबंध सादर होत. परंतु पानांची संख्या आणि संशोधनाचे मोल यांचा संबंध नसतो, हे केंब्रिजच्या परीक्षकांना माहीत होते. इंग्लंडमध्ये पाऊल ठेवल्यापासून सुमारे चौदा महिन्यांत त्यांनी हे काम पुरे केले. विज्ञानातील डॉक्टरेट मिळविणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांमध्ये त्यांची गणना होते. परदेशात राहून चांगल्या वेतनाची नोकरी पत्करणे त्यांना शक्य होते. देश स्वातंत्र्यासाठी झगडत असताना त्यांना ते रुचले नाही. १९३९ साली त्या भारतात परतल्या.

दिल्लीच्या लेडी हार्डिंज महाविद्यालयात काही काळ अध्यापन केल्यावर त्या निलगिरी पर्वतातील कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत गेल्या. ही प्रयोगशाळा मुळात बेरीबेरी या रोगाच्या अभ्यासासाठी रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी सुरू केली होती. फार सडलेला पांढराशुभ्र तांदूळ सतत खाणाऱ्यांना हा रोग जडतो, कारण सडताना कोंड्याबरोबर एक जीवनसत्त्व निघून जाते. त्याचे नाव थायामीन. त्याच्या नावात थाय हा जो भाग आहे, तो त्याच्या रेणूतील गंधकामुळेच. घरी उखळात हलकेच सडलेल्या तांदळात ते बरेचसे टिकून राहते. शहरातला पांढरा भात खेड्यापाड्यांत पोचू लागला, तेव्हा तो खाणाऱ्याने काय गमावले, हे फार थोड्यांच्या ध्यानात आले.

१९४७ साली कमलाबाईंचा विवाह माधवराव सोहोनी यांच्याशी झाला आणि त्या मुंबईस आल्या. तेथील रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये जीवरसायन हा नवा विभाग उघडला होता. त्यात त्या प्राध्यापक झाल्या. येथून त्यांच्या आयुष्यातील सर्वांत फलदायी काळ सुरू झाला. मोठ्या खर्चाची यंत्रे त्यांच्याजवळ नव्हती. मात्र संशोधनाचे विषय निवडताना त्यांनी एक दृष्टी कधी सोडली नाही : देशातील गरीब माणूस जे खातो, ते तपासावयाचे. कडधान्ये, भाताचे पीठ आणि नीरा ही त्यांच्या अभ्यासाची मुख्य साधने होती.

त्यांतील वालाची गोष्ट मोठी मनोरंजक आहे. कडधान्यांत प्रथिने विपुल असतात, म्हणून ती गरिबाचे मांस समजली जातात. परंतु त्यांत दोन उणिवा असतात. पहिली अशी, की गंधक असलेली मेथिओनीन आणि सिस्टेईन ही अमिनो आम्ले त्यांत कमी असतात. तांदळाच्या प्रथिनात ती त्या मानाने अधिक असतात. उलट तांदळात जे कमी पडते, ते वाल भरून काढतो. भाताबरोबर वाल किंवा वरण खाण्याची रीत कोणी शास्त्रज्ञाने घालून दिलेली नाही. तरीही ती शास्त्राला धरून आहे.

दुसरी उणीव अधिक छुपी आहे. आपल्या स्वादुपिंडातून ट्रिप्सिन नावाचा पाचक रस पाझरतो आणि तो प्रथिनांचे तुकडे करतो. कच्च्या कडधान्यांत या ट्रिप्सिनला अडवून धरणारा पदार्थ असतो. किड्यांनी आपले दाणे फस्त करू नयेत, म्हणून वनस्पतीने केलेली ती तटबंदी असते. असे पदार्थ कमलाबाई आणि त्यांचे विद्यार्थी एकेका भारतीय धान्यातून शोधू लागले. वाल आणि डबल बीन या दोहोंतील निरोधक पदार्थ त्यांनी स्फटिकरूपात शुद्ध करून दाखविले. तो लेख १९५५ साली नेचर या नामांकित नियतकालिकात प्रसिद्ध झाला. मुंबईच्या बाजारात पायलीने विकला जाणारा वाल अशा रीतीने जगाच्या शास्त्रीय वाङ्मयात जाऊन बसला.

कडधान्यांतील असे निरोधक गंधकाच्या दुव्यांनी जागोजागी टाचलेले असतात. त्यामुळे ते चिवट होतात आणि थोड्याशा उष्णतेने नमत नाहीत. धान्य अर्धेकच्चे राहिले, तर नुकसान दुहेरी होते. धान्यातील थोड्याशा गंधकापैकी बराच भाग या निरोधकातच अडकलेला असल्याने तो वाया जातो. शिवाय ट्रिप्सिन अडले, की स्वादुपिंड अधिकाधिक ट्रिप्सिन सोडू लागते. त्या ट्रिप्सिनमध्येही गंधक असतोच, आणि तोही शरीरातून निघून जातो. ज्या मुलाच्या ताटात मुळातच थोडे असते, त्याला हा तोटा परवडत नाही. वाल रात्री भिजत घालून, मोड आणून, सोलून, मग नीट शिजवून त्याचे बिरडे करण्याची कोकणातील चाल म्हणूनच शहाणपणाची आहे. भरपूर शिजविल्यावर ही तटबंदी ढासळते आणि वाल अंगी लागतो.

नीरेचा अभ्यास कमलाबाईंनी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून हाती घेतला. तो काळ दारूबंदीचा होता. १९४९ च्या कायद्याने मुंबई राज्यात ताडीवर बंधने आली, आणि डहाणू-तलासरीसारख्या भागात ताड व शिंदी छेदून पोट भरणाऱ्या माणसांपुढे प्रश्न उभा राहिला. झाड तेच, कसब तेच. पण रस आंबू न देता विकला, तरच धंदा टिकणार. त्यासाठी मडक्याला आतून चुना लावतात, म्हणजे रस लवकर आंबत नाही. मात्र लोकांनी नीरा का प्यावी, याला गोडीखेरीज काही आधार हवा होता. कमलाबाईंनी वर्षानुवर्षे नीरेची कसून तपासणी केली. तिच्यात जीवनसत्त्वे आणि लोह पुरेशा प्रमाणात आहेत, आणि नीरा आटवून केलेल्या ताडगुळातही त्यांतील पुष्कळसे टिकते, असे त्यांनी दाखवून दिले. आदिवासी समाजातील कुपोषित मुलांना आणि गरोदर स्त्रियांना आहारात नीरा दिल्यावर त्यांची प्रकृती सुधारल्याचेही दिसून आले. ज्या झाडाकडे शहरी लोक व्यसनाचे मूळ म्हणून पाहत होते, त्याच झाडाच्या रसात गरिबाच्या मुलाचे पोषण आहे, हे आता केवळ बोलणे राहिले नव्हते. त्याला प्रयोगाचे पाठबळ मिळाले होते. या कार्याबद्दल त्यांना राष्ट्रपतींचे पारितोषिक देण्यात आले.

संस्थेचे संचालकपद मात्र त्यांच्या वाट्याला सहजासहजी आले नाही. योग्यता आणि ज्येष्ठता दोन्ही असूनही काही वर्षे त्यांना डावलण्यात आले. शेवटी ते पद त्यांना मिळाले, आणि एवढ्या मोठ्या विज्ञानसंस्थेची धुरा एका स्त्रीच्या हाती आली. तरुणपणी बंगळूरला भेटलेली अडचण निराळे रूप घेऊन मुंबईतही भेटली, असेच म्हणावे लागेल.

कमलाबाई प्रयोगशाळेच्या चार भिंतींत रमून राहणाऱ्या नव्हत्या. बाजारात मिळणाऱ्या अन्नात भेसळ होते, वजनमापात फसवणूक होते, आणि सामान्य गृहिणीला तक्रार कोठे करावी हे कळत नाही, हे त्या पाहत होत्या. १९६६ साली मुंबईत काही स्त्रियांनी एकत्र येऊन भारतीय ग्राहक मार्गदर्शन संस्था स्थापन केली. तिच्या संस्थापकांत कमलाबाई होत्या, आणि पुढे त्या तिच्या अध्यक्षाही झाल्या. संस्थेच्या कीमत या नियतकालिकातून त्यांनी ग्राहकांसाठी लेख लिहिले. ज्या हातांनी नेचरमधील लेख सिद्ध झाला होता, त्याच हातांनी वाण्याच्या दुकानातील भेसळ कशी ओळखावी, हेही सोप्या शब्दांत लिहिले गेले. त्यांना स्वतःला या दोन कामांत उच्चनीच वाटत नसावे.

उतारवयात लोकांना त्यांचा बराचसा विसर पडला होता. १९९८ साली भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने दिल्लीत त्यांचा सत्कार करण्याचे योजिले. त्या समारंभासाठी त्या दिल्लीस गेल्या, आणि समारंभ चालू असतानाच कोसळल्या. थोड्याच अवधीत त्यांचे निधन झाले.